उशाशी ठेवलेली बाटली

२ मे २००६, मंगळवार. मानधन ठरलं पंधराशे रुपये, महिनाभराच्या कामाचं. हजर होतो मी, माझी बायको, आमची मुलगी आणि नागपूरच्या एका कलादालनातल्या मॅडम. दिग्रसमध्ये बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या गोदामात त्यांनी कापसावरचं प्रदर्शन मांडलं होतं. आमची मुलगी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीतली इंटर्नशिप म्हणून तिने आसपासच्या गावांतल्या पोरांना प्रदर्शन दाखवायचं आणि त्यांना बोलतं करायचं, असं काम होतं. मी नगरपरिषदेत लेखा विभागात. कामाचे तास, पिण्याचं पाणी, दुपारच्या उन्हाची सोय, सगळं विचारून मग हो म्हटलं.

पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की घरातली कापसाशी नातं असलेली एक वस्तू आणा. वस्तू पांढऱ्या चौथऱ्यावर मांडायची, शेवटच्या दिवशी पालकांची सही घेऊन परत करायची. कोणी वेचणीच्या वेळी कमरेला बांधायचं फडकं आणलं, कोणी सरकी, कोणी फवारणीच्या पंपाचा दांडा. दहा वर्षांच्या एका मुलीने फवारणीच्या औषधाची बाटली आणली. जहाल विषाची लाल खूण असलेली, अर्धी भरलेली.

आमच्या मुलीने त्या दिवशी जेवताना सांगितलं, "बाबा, मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, ही वस्तू घरी कुठे असते? ती पोरगी म्हणाली, मायच्या उशाशी."

"औषधाची बाटली?"

"हो. बाकीची पोरं हसली. एक म्हणे, तुही माय झोपेत ढेकणं मारते का वं? ती नाही हसली. म्हणाली, म्या चोरून आणली. इथं चौकीदार आहे ना?"

बायकोने भाकरी ताटात तशीच ठेवली. ती वर्षंच तशी होती. सरकारी दवाखान्यासमोर जीप थांबली की, पुन्हा कोणी शेतकरी औषध प्याला म्हणून, पानठेल्यावरची माणसं बोलणं थांबवायची.

दुसऱ्या दिवशी मी जिनिंगवर गेलो. बाटली दोन वाती आणि सरकीच्या ढिगाच्या मधे ठेवली होती. वर दिवा, खाली पाटी: 'वस्तूंना हात लावून पाहा.' मी मॅडमना म्हटलं, ही काचेत ठेवा.

"काका, काचेत घातली की वस्तू मुलांची राहत नाही."

"मॅडम, ती भरलेली आहे."

त्यांना वाटलं होतं, रंगीत पाणी असेल. त्यांचा चेहरा उतरला. तासाभरात काचेची पेटी आली, कुलूप लागलं. ओतून टाकू का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. माल दुसऱ्याचा. ओतला तर घरी बोलणी त्या पोरीला बसणार, आणि उशाशी दुसरी बाटली यायला कितीसा वेळ लागतो?

ती पोरगी मग रोज येऊ लागली, तिच्या गटाची पाळी नसली तरी. चित्रांकडे बघायची नाही. सरळ पेटीपाशी जायची, कुलूप ओढून पाहायची, आणि निघून जायची. आमची मुलगी रोज तेवढंच घरी सांगायची, "आज आली होती." एक दिवस ती आली नाही. त्या संध्याकाळी बायकोने दोनदा विचारलं, नक्की नाही आली? दुसऱ्या दिवशी आली. ताप होता म्हणे.

२७ मे, शनिवार. वस्तू परत करायचा दिवस. मी रजा टाकून गेलो. पालक सह्या करून आपापलं सामान नेत होते. दुपारी ती पोरगी आईला घेऊन आली. बाई तिशीची असेल, डोक्यावर पदर, पायात पुरुषी चप्पल. पेटीसमोर थांबली.

"ही इथं आहे काय? म्या पुरं घर धुंडलं."

पोरगी आमच्या मुलीच्या मागे सरकली. आमची मुलगी म्हणाली, "ताई, ही आम्हाला ठेवू द्या."

"कायले? रिकामी नाही ते."

"म्हणूनच."

बाई तिच्याकडे बघत राहिली. मग पोरीकडे बघितलं. "तुले कसं समजलं वं?" बाई माझ्याकडे वळली. "घरी काय सांगू? मागच्या सालची उरलेली आहे, फवारणीले ठेवली म्हणते हिचा बाप."

"विकली म्हणून सांगा," मी म्हटलं. "छापील किंमत तीनशे चाळीस. अर्धी आहे, एकशे सत्तर होतात."

पूर्ण किंमत देता आली असती. पण ती दान झाली असती, आणि दान तिने घेतलं नसतं. तिने ओठांतल्या ओठांत हिशेब केला, मान हलवली, वहीत अंगठा उठवला. मी पैसे पुढे केले. तिने हात पदराखालून काढलाच नाही.

"माह्या हाती नका देऊ, भाऊ. याची दुसरी आणीन म्या."

शंभराची एक, पन्नासची एक आणि दहाच्या दोन नोटा. एकूण एकशे सत्तर रुपये, आईच्या समोर, पोरीच्या हातात दिले.