लाल नाही ते सगळं हिरवं

"फ्रीज बंद करायचा होता तर तोंडाने सांगायचं होतंस! दोन लिटर दूध नासलं," सासूबाई पातेलं ओट्यावर आपटत म्हणाल्या. "परवा मिक्सर, काल टीव्ही. आता माझाही प्लग काढून टाक, म्हणजे सुटलीस."

"मागून तापला होता, आई."

"फ्रीज मागून तापतोच! इंजिनिअर तू आहेस की मी?"

फ्रीज मागून तापतो हे सुनेलाही ठाऊक होतं. पण गेले चार दिवस कुठल्याही गरम वस्तूला हात लागला की ती आधी तिचा प्लग काढत होती.

पंचेचाळिशीची ही बाई एका लहानशा कंपनीत ड्रायव्हर लिहायची. सासूबाईंनी हे कौतुकाने शेजारणीला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं होतं, "कुठल्या गाडीवर?" तेव्हापासून इमारतीत तिचं नाव ड्रायव्हरीणबाई पडलं. तिचं काम म्हणाल तर साधं होतं. मोठमोठ्या संस्थांची माहिती ज्या डिस्कांवर साठते, त्या एका लोखंडी पेटीत ओळीने बसवलेल्या असतात. पेटीत हवा खेळवायला पंखे असतात आणि उष्णता मोजायची सोय असते. ड्रायव्हर म्हणजे तिचा प्रोग्रॅम; तो दर मिनिटाला पेटीला विचारायचा, पंखा फिरतोय का, आत किती तापलंय, आणि आलेलं उत्तर पडद्यावर दाखवायचा. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे धावा.

आणि पेटीने "माहीत नाही" म्हटलं तर? सहा वर्षांपूर्वी त्याला पिवळी खूण होती. पण पेट्या उठसूट "माहीत नाही" म्हणत आणि गिऱ्हाइकं फोन करकरून जीव खात. साहेब म्हणाले, "तेवढं ते पिवळं गप्प कर ना." तिने एक ओळ बदलली. लाल नाही ते सगळं हिरवं. त्या दिवशी साहेबांनी तिला शाबासकीही दिली होती.

बुधवारी एका ग्रंथालयातली पेटी आतून भाजून निघाली. पंखे थांबले होते, आतला तापमापक मुका झाला होता. दोन दिवस पेटी "माहीत नाही, माहीत नाही" म्हणत राहिली आणि पडदा हिरवागार. सगळ्यांनी एसीवाल्याला धारेवर धरलं. पेटीच्या नोंदी तिने एकटीनेच वाचल्या, फाइल मिटली आणि डबा खायला गेली. हाच ड्रायव्हर आणखी चाळीस ठिकाणी चालू होता. त्यात एक इस्पितळ होतं.

"अगं, झालंय तरी काय तुला?" नवरा वर्तमानपत्र घेऊनच स्वयंपाकघरात आला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरातली भांडणंही त्याच सुरात मिटवायचा.

तिने सगळं सांगून टाकलं.

"मग ऑफिसात सांगून मोकळी हो."

"सांगितलं तर मी संपले, अहो. माझी सही आहे त्या बदलाखाली."

"मग नको सांगू. सहा वर्षं चाललंच ना?"

"एकाच मिनिटात दोन्हीकडून बोलू नकोस रे," सासूबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला गरगरायला लागलंय."

सुनेने कपाटावरची रक्तदाबाची वही काढली. रोज सकाळी आईचा रक्तदाब मोजून लिहायचं काम नवऱ्याचं. तिने पान उलटलं आणि तिथेच थांबली.

"अहो, चार दिवस एकच आकडा?"

"मशीनचे सेल संपलेत. नुसतं एरर दाखवतं. जागा रिकामी ठेवली की डॉक्टर उगाच हजार प्रश्न विचारतात, म्हणून कालचाच लिहिला. ठीकच असतो ग तिचा."

"ठीकच आहे मी," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून डोकं ठणकतंय तेवढंच."

सुनेने भिंतीवरच्या घड्याळाला हात घातला, रिमोटही उघडला, मिळतील तेवढे सेल काढून मशीनमध्ये भरले. सासूबाईंच्या दंडावर पट्टा आवळत गेला. आकडे वर चढले, सरकत खाली आले, थांबले. एकशे शहाऐंशी, एकशे आठ. पाच मिनिटं थांबून तिने पुन्हा मोजलं. तेच. नवऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"किती ग?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेने आकडा सांगितला. मग पर्स उचलली.

"अहो, गाडी बोलवा. आईंना आत्ता दवाखान्यात न्या, आणि चार दिवस मोजलंच नव्हतं हे डॉक्टरांना सांगा."

"तू येत नाहीस?"

"मी ऑफिसला चाललेय. आधी इस्पितळाला फोन करणार, पेटी उघडून पंखे डोळ्यांनी बघा म्हणून. मग बाकीच्या सगळ्यांना. आणि ती ओळ मी बदलली होती, हे साहेबांना लिहून देणार आहे. जेवायला माझी वाट बघू नका."