एकोणीसची बाटली

आमच्या ह्यांच्या प्रयोगशाळेत थेंबताई कामाला लागल्या तेव्हा त्यांना कोंबडी धरतासुद्धा येत नव्हती. पहिल्याच दिवशी एका कोंबड्याने त्यांचा चष्मा पाडला. वर्षभरात मात्र त्या पंखाखालच्या शिरेतून रक्त घेत आणि कोंबडी त्यांच्या कुशीत गप्प बसून राही. बशीत रक्ताचे थेंब इतके एकसारखे टाकत की सगळे त्यांना थेंबताईच म्हणू लागले.

रोगाशी झुंजण्याची ताकद कोंबडीला आईबापांकडून मिळते. ती देणाऱ्या जनुकाचे आकड्यांनी ओळखले जाणारे प्रकार असतात. ह्यांच्या कळपात फक्त 'एकवीस' हवा होता, 'एकोणीस' नको. दिसायला सगळ्या सारख्याच, म्हणून त्या त्या प्रकारची प्रतिपिंडं असलेलं सीरम बशीच्या खळग्यात घालायचं आणि त्यात रक्ताचा थेंब टाकायचा. गुठळ्या झाल्या की तो प्रकार कोंबडीत आहे. माझं अक्षर बरं, म्हणून निकाल नोंदवहीत मी उतरवत असे.

बारा वर्षं जपलेला कळप त्या बुधवारी तपासला, तर एकोणीसच्या सीरमने एकूण एक खळग्यात गुठळ्या. म्हणजे भेसळ. शनिवारी सगळा कळप मारायचा, असं ह्यांनी ठरवलं. दोन दिवस पानावर बसत आणि तसेच उठत.

शुक्रवारी थेंबताई म्हणाल्या, "साहेब, हे सीरम जिच्या रक्तातून काढलं ती म्हातारी कोंबडी मागच्या पिंजऱ्यात आहे. तिचा थेंब टाकून बघू?"

"तिचा कशाला? स्वतःच्या सीरमने स्वतःच्याच रक्तात गुठळ्या कशा होतील?"

"होऊ नयेत, म्हणूनच. कुंपणच शेत खातंय का ते कळेल."

गुठळ्या झाल्या. ह्यांनी सीरमची बाटली उजेडात धरली.

"फ्रीज आवरताना दोन अर्ध्या बाटल्या मी एकत्र केल्या," हे हळूच म्हणाले. "एकीची चिठ्ठी पुसली होती. एकोणीसचीच असेल असं वाटलं. ती एकवीसची असणार, म्हणून सगळ्यांत गुठळ्या."

"वहिनी, साहेबांना स्वयंपाकघरात येऊ देता?" थेंबताईंनी मला विचारलं.

"लग्न झाल्यापासून नाही," मी म्हणाले. तेव्हा कुठे हे हसले.

म्हातारीचं रक्त पुन्हा घेतलं. शनिवारी सकाळी ताज्या सीरमने तपासणी झाली. एकोणीस म्हणून मुद्दाम वेगळ्या पाळलेल्या कोंबड्याच्या रक्तात गुठळ्या आल्या. कळपाच्या एकाही खळग्यात नाहीत. ह्यांनी मला नोंदवहीत लिहायला सांगितलं, 'चूक माझी, पकडली ताईंनी.' कळप न्यायला खोकी घेऊन आलेला माणूस कुरकुरत रिकामा परत गेला.

"ताई, तुमचे उपकार कसे..." हे म्हणू लागले.

"माझे कसले? दोनदा रक्त हिने दिलं," म्हणत थेंबताईंनी म्हातारीला पिंजऱ्यात सोडलं.

दुपारी हे पोटभर जेवले. पुढची नऊ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्याच कळपात रमले. ती नऊ वर्षं मी थेंबताईंकडून मिळालेली मानते.