माझ्या दारातला बसथांबा

दवाखान्यातून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी दुकानासमोरून माझी गाडी काढत होतो आणि मागून तीन-चार जण एकदम हॉर्न वाजवत होते. भाचा काय म्हणतोय ते ऐकूच येईना. मी ओरडलो, "मोठ्यानं बोल!" तो मोठ्यानं म्हणाला, "मामा, बाबा गेले." तरी मागचा हॉर्न थांबला नाही. मी खाली उतरून त्या माणसाला जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. बिचारा काचेआडून ऐकत राहिला... त्याचा काय दोष? गाडी आडवी माझी होती, रस्ता मी अडवला होता. महिना उलटून गेला, पण हा राग काही उतरत नाही. त्यात थोडा गावावर आहे, थोडा दाजींवरही आहे, आणि उरलेला कुणावर आहे ते पुढं येईलच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. सगळी हयात त्यांनी कोल्हापूरच्या शहर बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात, त्यामुळे निवृत्तीनंतरही ते गावाचे मास्तरच राहिले. माझं भांड्यांचं दुकान अंबाबाईच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि त्याच्या अगदी दारात बसचा थांबा. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला दाजी यायचे, स्टुलावर बसून चहा घ्यायचे आणि बस पकडून रंकाळ्यावर फिरायला जायचे. निघताना दारात टांगलेल्या पितळी घागरीवर आपल्या घराच्या किल्लीने दोनदा वाजवायचे. बसमध्ये एक घंटा म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. टण टण. "चला पावणं, सुटली गाडी!" मी बायकोचा भाऊ, म्हणून त्यांच्या लेखी कायमचा पावणा. माझ्याच दुकानात मला पावणं म्हणणारा तो एकटा माणूस होता.

आमच्या गावात ओळखीचा माणूस पायी जाताना दिसला आणि त्याला गाडीवर घेतलं नाही, तर ते उर्मटपणाचं लक्षण समजतात. दाजींच्या शेजारी दर मिनिटाला कुणीतरी ब्रेक दाबायचं. "मास्तर, बसा की, सोडतो!" दाजी हात जोडायचे आणि उभेच राहायचे. लोकांना राग यायचा, मलाही यायचा. एकदा मी म्हटलं, "दाजी, येवढा कसला ताठा?" ते म्हणाले, "ताठा न्हवं. मी तुमच्या गाडीवर बसलो की बसमधली एक शीट मोकळी. असं धा जण बसलं की वरचा साहेब म्हणतोय, बघा, रिकामी पळत्या, बंद करा. मग ज्याच्याकडं गाडी न्हाय त्यानं काय करायचं?" मी हसलो. मला वाटलं, नोकरी सुटली तरी नोकरीचं वेड सुटत नाही. हा माणूस एकट्याच्या वजनाने बस चालू ठेवायला निघाला होता.

मग आमच्या पेठेतल्या तालमीत ती बैठक झाली. विषय वाहतुकीचा. देवदर्शनाला येणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबत होता आणि आम्हा दुकानदारांचं म्हणणं होतं की गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही, म्हणून थांबा उचला. कुणी एकेरी वाहतूक मागितली, कुणी थेट उड्डाणपूल मागितला, जणू तो भाजी मंडईत मिळतो. सगळ्यांत मोठा आवाज माझा. दाजी मागच्या सतरंजीवरून उठले. म्हणाले, "एका गाडीच्या जाग्यात बसची वाट बघणारी ईस-पंचवीस माणसं उभी ऱ्हात्यात. तुमी ईस गिऱ्हाइकं हाकलून एक बोलवाय लागलाय." आणि मी, त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ, ज्याच्या लग्नात ते स्वतः पंगती वाढत होते, तो मी म्हणालो, "दाजी, धंद्यातलं तुमास्नी काय कळतंय? जन्मभर तिकिटंच फाडली की!" तालीम हसली. दाजीही हसले आणि खाली बसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं... निदान मला आज आठवायला त्यांचा राग तरी असता.

थांबा हलवा म्हणून केलेल्या अर्जावर पहिली सही माझी. थांबा चौकाच्या पलीकडे, वर चढावर गेला. तिथे ना सावली, ना टेकायला भिंत. दुसऱ्या दिवशी दाजी ठरल्या वेळेला चहाला आले. बशीत फुंकर घालत म्हणाले, "सही झकास हाय तुमची, पावणं. लांबनं वळखू येत्या." बस्स, त्या विषयावर त्यांनी मला आयुष्यात ऐकवलं ते एवढंच.

आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेचं आम्ही काय केलं म्हणाल? पहिले काही दिवस गिऱ्हाइकांच्या गाड्या लागल्या. मग दर्शनाला आलेले सकाळी गाडी लावायचे ते दुपारीच उगवायचे. तेव्हा आम्हा शहाण्यांना एक युक्ती सुचली. गिऱ्हाइकाची जागा परक्याने घेऊ नये म्हणून प्रत्येक दुकानदार सकाळी स्वतःचीच गाडी स्वतःच्या दुकानासमोर आणून लावायला लागला. माझं घर दुकानापासून चालत सात मिनिटं. तरी मी रोज गाडी काढायचो, गर्दीतून वीस मिनिटांनी दुकानी पोचायचो आणि गिऱ्हाइकासाठी राखलेली जागा दिवसभर स्वतः अडवून बसायचो. रस्ताभर आमच्याच गाड्यांची रांग, आणि आम्ही गल्ल्यावर बसून बोलायचो की गावात शिस्त उरली नाही!

दाजी मात्र जुन्याच जागी बस पकडत राहिले. त्यांच्याबरोबर नोकरी केलेले ड्रायव्हर त्यांचा वर केलेला हात पाहून बस थांबवायचे. फक्त आता बस कडेला येऊ शकत नव्हती. माझ्या गाडीला वळसा घालून दाजींना थेट रस्त्यात जावं लागायचं. मी गल्ल्यावरून रोज बघायचो. एकदा म्हटलं, "दाजी, पुढच्या थांब्यावर जावा की." ते म्हणाले, "गुडघं ऐकत न्हाईत आता. चढ चढवत न्हाय." मी म्हटलं, "मग मी सोडतो गाडीनं." दाजी माझ्याकडे बघून मिस्कील हसले. "गाडी काढणार? मग जागा जाईल की तुमची!" आणि खरं सांगतो, मी किल्ली उचलली होती, ती परत खाली ठेवली. त्यांच्या बोलण्यापेक्षा जागा जायच्या भीतीनेच ती खाली ठेवायला लावली. हे मी अक्कालाही अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवशीही घागर दोनदा वाजली. "चला पावणं." मी हिशेबाच्या वहीतून मान वर केली नाही. दाजी माझ्या गाडीला वळसा घालून पुढे गेले, हात वर केला, बसचा वेग कमी झाला. बस आणि माझी गाडी यांच्यात हातभर फट होती. तिच्यातून एक मोटारसायकल घुसली. आवाज मोठा झाला नाही. मी बाहेर धावलो तेव्हा दाजी माझ्या गाडीच्या चाकाशी पडलेले होते आणि किल्ली अजून मुठीत होती. चार दिवस ते दवाखान्यात होते. बोलले काहीच नाहीत.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर सगळे जमले, झाडून सगळे गाड्या घेऊन. गाड्यांनी वाट इतकी अडवली की अक्काला खालपर्यंत आणायला मला दोघांशी भांडावं लागलं. आणि तिथे, राख ओली असताना, लोक गटागटाने वाहतुकीवर बोलत होते! उड्डाणपूल कुठून कुठे हवा, याची आखणी एक जण बोटाने हवेत करत होता. दुसरा मला म्हणाला, "ह्या वयात बसनं फिरायचं म्हंजे अती झालं. पोराची गाडी हाय की दारात." मी त्याची कॉलर धरणार होतो. पण कोणत्या तोंडाने धरणार? असलीच वाक्यं मी तालमीत टाळ्या घेऊन बोललो होतो.

अक्काने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तेराव्याला पानावर वाढता वाढता तिने सहज विचारावं तसं विचारलं, "तुझी गाडी अजून तितंच असत्या व्हय रं?"

दुसऱ्या दिवसापासून मी चालत दुकानी येतो. पाव तासात माझ्या जागी दुसऱ्याची गाडी लागली, ती रोज लागते. थांबा परत आणा असा अर्ज घेऊन मी बसखात्याच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी फाईल उघडून दाखवली. "दुकानदारांची संमती लागेल. मागच्या अर्जावर पयली सही तुमचीच हाय की." मग सह्यांसाठी दारोदार फिरलो. शेजारच्या कापडवाल्याने पाणी दिलं, हळहळला आणि म्हणाला, "मास्तर लाख माणूस. पर गिऱ्हाइकानं गाडी लावायची कुटं, सांगा की?" माझंच वाक्य. माझ्याच आवाजात. एकही सही मिळाली नाही.

आणि बस आता दुकानासमोर थांबते की! तुंबलेल्या रस्त्यात अडकून थांबते, थांबा होता तेव्हापेक्षा जास्त वेळ थांबते. फक्त नव्या बसचं दार ड्रायव्हरने बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. परवा संध्याकाळी पाचला अशीच एक येऊन उभी राहिली. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक म्हातारी गाड्यांमधून वाट काढत दारापाशी गेली आणि कोपराने दार ठोकू लागली. मी उठलो, स्टुलावर पडलेली दुकानाची किल्ली घेतली आणि घागरीवर एकदाच मारली, जोरात. सगळ्या रस्त्याला ऐकू गेली असेल. ड्रायव्हरने खिडकीतून बघितलं. नवखा होता. म्हणाला, "काका, हितं स्टॉप न्हाय. चौकाच्या वर गेलाय."

म्हातारी पिशव्या सावरत चढाला लागली. ती दिसेनाशी झाली तरी बस तिथेच उभी होती, माझ्या दारात, दार लावून.