गोधडी कोंबलेला ड्रम

“काकू, तुमी नुसते हात हालवा. आवाज मांगून येईन.”

पिंपळगाव राजाच्या महिला मेळाव्याचा आयोजक मला हे सांगत होता. तोंडात खर्रा. मागे, पडद्याआड, त्याचा साळा ऑक्टोपॅड घेऊन बसला होता. काडीनं ठोकलं की त्या मशीनमधून ड्रमसारखा आवाज निघतो. माझ्या खऱ्या ड्रममध्ये त्यांच्या माणसांनी गोधडी कोंबली होती, वर टॉवेल चिकटवले होते. माझ्या जोडीदारणीच्या, वर्षाच्या गिटारची वायर कशालाच जोडलेली नव्हती; तिचे सूर रेकॉर्डवरून येणार होते.

“काऊन?” मी विचारलं.

“बाईच्या हातात तेवढा जोर नसते. पब्लिक हासते मंग.”

मी रोपवाटिका चालवते. खताची पोती एकटी उतरवते. मला जोर शिकवणारा हा माणूस स्पीकरची पेटी सरकवायला दोघांना हाका मारत होता.

मोताळ्यात आम्ही तिघी रॉक वाजवतो. नंदा गाते, वर्षाकडे इलेक्ट्रिक गिटार, माझ्याकडे ड्रम. चाळिशी उलटल्यावर शिकलो, माझ्या गोडाऊनमध्ये. गाणाऱ्या बायका लोकांना चालतात, भजनातल्या, भुलाबाईच्या. घामानं भिजलेली, पाय फाकवून बसलेली, ठोकून काढणारी बाई चालत नाही.

पायांचाही बंदोबस्त झाला. “बाईमानसाले असं बसनं शोभत नाही,” म्हणत आयोजकानं ड्रमसमोर फ्लेक्स बांधला. त्यावर त्याचाच हात जोडलेला फोटो, खाली ‘नारीशक्ती’. कमरेखाली मी त्याच्या फोटोमागे. कमरेच्या वर, नुसते हात हलवणारी बाहुली.

आणि मी बसले. हे लपवायचं नाही. वर्षा म्हणाली, “जाऊ दे वो, एवढं बोलावलं त्याईनं,” आणि मी बसले.

पहिलं गाणं झालं. टाळ्या. आयोजक माईकवर म्हणाला, “पाहा, आपल्या मायबहिनी काय वाजवून राह्यल्या.” पडद्याआड साळा खिदळला, मला ऐकू आलं. मंडपभर बाया माझ्या हातांकडे कौतुकानं बघत होत्या. त्या हातांनी काहीच केलेलं नव्हतं. आयोजकाची किळस आधीच होती. आता स्वतःची आली.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मी काड्या खाली ठेवल्या. हाताची घडी घातली.

ड्रम वाजतच राहिला. धडाधड. साळ्याला तिथून काही दिसत नव्हतं, तो जीव तोडून वाजवत होता. पुढच्या ओळीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अवं, हे तं गप बसेल हाय. मंग वाजवते कोन?”

बाया हसायला लागल्या. नंदाचं गाणं थांबलं.

आयोजक धावत आला. आता ‘काकू’ म्हणणं संपलं होतं. “काऊन थांबली वो तू?”

“मी वाजवूनच नोती राह्यली.”

नंदाच्या हातातला माईक चालू होता. मंडपभर ऐकू गेलं.

मग मी टॉवेल ओरबाडले, गोधडी ओढून काढली, फ्लेक्स सोडला आणि पाय हवे तसे ठेवून वाजवायला लागले. वर्षानं वायर पेटीत खुपसली. आयोजकानं हात केला, कुणीतरी वीज तोडली. गिटार मेली. ड्रमला वीज लागत नाही, एवढंही त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. गाणं संपेपर्यंत मी वाजवलं. तो स्टेजच्या कोपऱ्यात उभा होता, मंडपवाल्यावर ओरडत.

पुढं काही चांगलं घडलं नाही. ठरलेले दोन कार्यक्रम रद्द झाले. नंदाच्या नवऱ्याला निरोप गेला: बायको आवर. त्यानं आवरली. माझ्याही घरात एक जेठ आहेत, नवऱ्याचे थोरले भाऊ, त्यांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. कान शांत राहिले.

आता मीच वाजवता वाजवता ओरडून गाते. सूर नाही. नसू दे. येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी मोताळ्यात भर दुपारी वाजवणार आहोत. कुणाची परवानगी मागितलेली नाही, मागणारही नाही. ज्याला बघवत नाही त्यानं दुसऱ्या गल्लीनं जावं. आम्ही गल्ली बदलणार नाही.