उत्तेजनार्थचा रकाना

अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांना, म्हणजे कंट्री म्युझिकच्या रेकॉर्डला, दरवर्षी जे मोठं बक्षीस मिळतं, त्याची खरी काळजी जगात एकाच माणसाला होती, आणि तो माणूस दुबईत, खाडीच्या अलीकडे बर दुबईत, आमच्या डोक्यावर राहत होता. आमच्या वरच्या मजल्यावरचे भाऊ. मूळचे मिरजेचे, इथे एका तेल कंपनीत ड्राफ्ट्समन. त्यांच्या ऑफिसातला टेक्सासचा साहेब सुट्टीवरून परतताना कॅसेटी आणायचा. "तंबोऱ्यांच्या गावचा कान आहे, वहिनी. कुठलं लाकूड वाजतंय ते कळतं," असं भाऊ सांगायचे. लाकूड कळत असेलही. शब्द मात्र त्यांना माझ्याइतकेच कळायचे, म्हणजे निम्मे.

या बक्षिसाचा सगळा इतिहास त्यांनी एका जाड वहीत नकाशावरच्या अक्षरासारख्या सुबक अक्षरात लिहून ठेवला होता. आधी एकच बक्षीस, मग बाईचं वेगळं, पुरुषाचं वेगळं, जोडीचं वेगळं. एक तर काही वर्षं देऊन बंदच केलं. हे शेवटचं सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की नगरपालिकेनं त्यांचीच गल्ली पाडली असावी. ऐकणारा सापडला की सुटका नव्हती. एकदा माझे यजमान मासळी आणायला म्हणून त्यांच्याबरोबर अब्रात, आपल्या खाडीतल्या होडीत, बसले. पलीकडे देऱ्याचा काठ आला तरी इतिहास निम्म्यावरच होता. होडीवाला म्हणाला, "खलास, साब. उतरो." भाऊ म्हणाले, "खलास कैसे? अभी तो औरतों का अलग हुआ है." दोघं त्याच होडीतून परत आले. त्या दिवशी आम्ही वरणभात जेवलो.

पण नुसता इतिहास लिहून त्यांचं समाधान होईना. निकाल लागायच्या आधी, शुक्रवारी सकाळी देवळातून आल्यावर, ते आपल्या हॉलमध्ये त्या बक्षिसासाठी निवड झालेली पाच गाणी लावायचे. परीक्षक आम्ही तिघं: मी, माझे यजमान आणि भाऊंची बायको. भाऊ स्वतः चिटणीस, त्यांना मत नाही. मी लसूण सोलायला घेऊन जायचे. नुसतं बसून गाणं ऐकायची मला सवय नाही. पहिल्याच वर्षी गुण देऊन झाल्यावर यजमानांनी विचारलं, "आणि उत्तेजनार्थ?"

"अमेरिकेत उत्तेजनार्थ नसतं," भाऊ म्हणाले.

"म्हणजे चौघांना हात हलवत घरी पाठवतात?" त्यांची बायको म्हणाली. "आमच्या गणपतीत लिंबू-चमच्यालासुद्धा देतो आपण."

भाऊ उठले. मग त्यांनी पट्टी आणली आणि वहीत एक नवा रकाना आखला. तेव्हापासून दरवर्षी अमेरिकेतल्या एका गायकाला त्याच्या नकळत बर दुबईचं उत्तेजनार्थ मिळत राहिलं. आमचा पहिला आणि अमेरिकेचा पहिला मात्र कधी म्हणजे कधी जुळला नाही. माझे सगळ्यांत जास्त गुण नेहमी फिडलवाल्या, म्हणजे त्यांच्या व्हायोलिनवाल्या, गाण्याला. बाकीची वाद्यं मला एकसारखीच ऐकू यायची.

वहीत आमच्या गुणांची एकच ओळ रिकामी होती. इराकनं कुवेत घेतलं, तेव्हा आम्हा बायकांना आणि मुलांना भारतात पाठवलं होतं. आम्ही परतलो तोवर निकाल लागून गेला होता. त्या वर्षापुढे भाऊंनी लिहिलं होतं, "परीक्षक अनुपस्थित."

पुढे त्यांची साठी झाली, नोकरी संपली, व्हिसाही संपत आला. सामान बांधायचं सोडून ते खाली आले. "वहिनी, ती एक ओळ भरायची राहिलीय. अशी वही घेऊन मी मिरजेला जाणार नाही."

त्या वर्षीचा निकाल त्यांनी कागदाची पट्टी चिकटवून झाकला होता. मी लेकीला कंप्युटरवर बघायला सांगितलं. "आई, इट टुक थर्टी सेकंड्स," म्हणत तिनं नाव दाखवलं. जाता जाता एकदा तरी जुळावं, एवढाच माझा हेतू. शुक्रवारी गाणी ऐकली, आणि मी त्या नावाला दहापैकी दहा दिले. यजमानांनाही जिन्यात बजावून ठेवलं होतं.

भाऊ बेरीज करता करता थांबले. "वहिनी, यात फिडल नाही."

मी लसूण सोलत राहिले.

"इतक्या वर्षांत फिडल नसलेल्या गाण्याला तुम्ही पाचाच्या वर गेला नाहीत. बघितलंत ना?"

"बघितलं. जुळू दे म्हटलं एकदा."

"अमेरिकेचं मत वहीत आहेच की. तुमचं नाहीये. यल्ला, चला, परत ऐका."

त्यांनी खोडरबरानं आकडे पुसले. आम्ही पाचही गाणी पुन्हा ऐकली आणि खरे गुण दिले. मग भाऊंनी पट्टी सोलून काढली. अमेरिकेत पहिलं आलेलं गाणं आमच्याकडे उत्तेजनार्थ होतं. भाऊ इतके हसले, की बायकोनं त्यांना पाणी आणून दिलं. डोळे पुसत त्यांनी ती ओळ भरली.

वही मिरजेला गेली. वर आता एक अतिशय शांत कुटुंब राहतं. शुक्रवारी सकाळी त्यांच्या खुर्च्या सरकवल्याचासुद्धा आवाज येत नाही. बक्षिसाचे दिवस आले की लेक ती पाच गाणी शोधून देते आणि लगेच निकालही सांगायला लागते. मी तिला म्हणते, थांब, आधी लसूण आण. गुणांचं पत्र मिरजेला टाकायचं असतं.