घरी बसून मिळालेली पदवी

मंगळवारी सकाळी ऑफिसमध्ये डबा ठेवून खुर्चीत बसते न बसते तोच सेलूहून भासऱ्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा, फोन आला. ते मला सहसा फोन करत नाहीत. "मीना, वंदना गेली," एवढंच म्हणाले. कपडे वाळत घालता घालता वंदनाताई अंगणात कोसळल्या आणि वर्ध्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. वय त्रेचाळीस.

वंदनाताई माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले ती थेट वर्ध्याला, नोकरी असल्यामुळे. त्या सेलूच्या घरात राहिल्या. माझं लग्न झालं त्याच वर्षी आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून ताईंचं आयुष्य त्या पलंगापासून हाकेच्या अंतरावर राहिलं. लग्नकार्याला जायचं तर अक्षता टाकून परत. माहेर हिंगणघाटला, पण मुक्काम म्हणून कधी झालाच नाही. याबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत हे आम्हा सगळ्यांच्या फार सोयीचं होतं.

एकदा पदवीधर मतदारसंघाची नावनोंदणी करणारे दोघं दारात आले आणि घरात ग्रॅज्युएट कोण, असं विचारलं. ताईंनी कोणीच नाही म्हणून सांगितलं, त्यांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर मला फोन लावला. बारावीला त्यांना चांगले मार्क होते, त्याच उन्हाळ्यात लग्न झालं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मीच त्यांना मुक्त विद्यापीठाबद्दल सांगितलं, मीच फॉर्म भरला. कॉलेजला जायला नको, पुस्तकं घरी येतात, वयाची अट नाही. "ताई, घरी बसूनच तर करायचं आहे," असं मी म्हणाले होते.

हे वाक्य पुढे सगळ्यांनीच उचललं. घरी बसूनच तर करायचं आहे, मग त्यासाठी वेगळा वेळ कशाला? कॉलेजात जाणाऱ्या मुलीला कोणी मधूनच उठवून भाजी निवडायला सांगत नाही. ताईंच्या हातात पुस्तक दिसलं की मात्र लोकांना वाटायचं, बाई रिकामी आहे. पाहुणे बसायचे, शेजारीण गहू निवडायला बोलवायची, भासरे दुकानातून जेवायला आले की पुस्तकावरच ताट यायचं. भासरे वाईट माणूस नाहीत. बियाण्यांच्या दुकानात दिवसभर उभे राहून दमायचे आणि ही शिकते याचं त्यांना कौतुकच होतं. पण त्यासाठी आपण उठून आईचं अंथरूण बदलावं, हे त्यांच्या डोक्यातच येत नसे. अभ्यासकेंद्र वर्ध्याला, दर रविवारी तास. ताई त्यातल्या मोजक्याच तासांना येऊ शकल्या. आल्या की दाराजवळच्या बाकावर बसायच्या, मांडीवर फोन, घरून बोलावणं आलं तर उठता यावं म्हणून. मात्र त्या दिवशी संध्याकाळी एस.टी. स्टँडवर त्यांना सोडायला जाताना त्यांचा चेहरा वेगळाच असायचा. गाडी लागली तरी बोलणं थांबत नसे.

शेवटच्या वर्षाची परीक्षा भर मे महिन्यात होती. सगळ्या पेपरांना मी सेलूला येऊन आत्याबाईंजवळ बसेन, असं कबूल केलं होतं. तीन पेपर तसे झालेही. चौथा अर्थशास्त्राचा. त्या सकाळी साहेबांनी अचानक मीटिंग लावली. साहेब कडक होते, पण राक्षस नव्हते... मी सांगितलं असतं तर त्यांनी सोडलं असतं. हे मी इतक्या दिवसांत कोणाला बोलले नाही. सांगायचा मला संकोच वाटला आणि मी त्यांच्याऐवजी ताईंना फोन केला. भासरे माल आणायला नागपूरला गेले होते, मुलगी पल्लवी मामाकडे, शेजारच्या घराला कुलूप. ताई साडी नेसून, हॉलतिकीट पर्समध्ये ठेवून तयार बसल्या होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू सावकाश ये."

दुपारी मी पोचले तेव्हा त्यांनी मला वाढलं. त्या रागावल्या असत्या तर मला माफी तरी मागता आली असती.

तो पेपर त्यांनी पुढच्या वर्षी दिला आणि तीन वर्षांची पदवी चार वर्षांत मिळवली. पेढे वाटले. पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवायला मात्र अजून तीन वर्षं थांबावं लागणार होतं. थोड्याच दिवसांत गावातल्या एका शाळेत ग्रंथालय सांभाळायला बाई हवी असल्याचं कळलं, अकरा ते चार. ताई भेटून आल्या, शाळेने हो म्हटलं. मग त्यांनी मला विचारलं, आत्याबाईंना काही महिने वर्ध्याला ठेवशील का, तोवर इथे कोणी बाई मिळते का बघते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोघंही नोकरीवर. मी ही सगळी कारणं सांगितली. सगळी खरी होती.

"डिग्री घरी बसून भेटली, मीना," त्या म्हणाल्या. "नोकरी काई घरी बसून भेटत नाई."

ते हसत म्हणाल्या की नाही, हे फोनवर कळलं नाही. दोन महिन्यांनी त्या गेल्या.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि आत्याबाईंजवळ कोण, हा प्रश्न उरला. आता मी बिनपगारी रजा घेऊन सेलूत आहे. जी कारणं ताईंना सांगितली होती ती आता कोणाला सांगणार? दुधाला जायचं तर परवानगी घेतल्यासारखं वाटतं. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी आत्याबाई डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर टकटक करू लागल्या. पाणी दिलं, कूस बदलली, पंखा कमी केला, तरी टकटक थांबेना. शेवटी पल्लवी आतून आली.

"काकू, आजी पुस्तक मागून राह्यली."

ताई रोज दुपारी मोठ्याने वाचत, असं तिने सांगितलं. मनात वाचलं की आजी दर दहा मिनिटांनी कठडा वाजवी. मोठ्याने वाचलं की गप पडून ऐके. अख्खी पदवी अशीच वाचून झाली, अर्थशास्त्र तर दोनदा.

मी फळीवरून तेच पुस्तक काढलं. उशाशी बसून मागणीच्या नियमाचा धडा वाचू लागले. आत्याबाई डोळे मिटून पडल्या होत्या. ऊन तावदानावर आलं होतं, मला जांभया येत होत्या. त्यांना झोप लागली असं समजून मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढचा परिच्छेद सुरू केला.

कठड्यावर टकटक झाली. त्या डोळे उघडून माझ्याकडे बघत होत्या.

मी पानं मागे घेतली आणि सोडलेल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.