कंदीलवाल्याची बाजू

आधी त्या गेमचं चांगलं काय ते सांगून टाकते. एकदा डोकं फिरलं की मला समोरच्याचं काहीच चांगलं आठवत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. आणि हे सांगता सांगता डोकं फिरणार, हे मला आत्ताच माहीत आहे.

तर चांगलं म्हणजे अंधार. असा अंधार मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिला नाही. एक राज्य आहे, तिथे सूर्य उगवायचा थांबलाय, आणि ज्यांना कुणी अग्नी दिला नाही अशी मेलेली माणसं गावोगाव हिंडताहेत. अंगावर धावून येतात, पण जवळून बघावं तर एखादीच्या हातात अजून लाटणं असतं. तिला मारताना जीव तुटतो. जखम झाली तर ती चुटकीसरशी भरत नाही, पुढे कितीतरी वेळ लंगडतच चालावं लागतं. आणि सोबतीला एक कंदीलवाला असतो. त्याच्या उजेडाबाहेर पाऊल टाकलं की संपलं. तो जाईल तिकडे जायचं, तो थांबेल तिथे थांबायचं.

वाईटही पुष्कळ आहे. नकाशा म्हणजे कुणी शाई सांडून ठेवल्यासारखा. अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतात. राज्यातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या एकाच आवाजात बोलतात. विहिरीतल्या राक्षसिणीची लढाई तर इतकी ताणलीय की मध्ये उठून मी एकदा डाळीला फोडणी देऊन आले, तरी बाई जिवंतच. इंदूरचा एक जण व्हिडिओवर गेमची चिरफाड करत असतो, तो म्हणाला, "भिया, माहौल एक नंबर, मगर घोड़ा गधे जैसा चलता है." अगदी मनातलं बोलला.

बाई माणसाला यातलं काय कळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मी देवासच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. गोळी तुटते कुठे, विरघळत का नाही, रंग का उतरला, हे दिवसभर बघायचं. दोष काढणं हा माझा धंदाच आहे. गेमचं मशीन नवऱ्यानं हौसेनं आणलं, चार दिवस क्रिकेट खेळला आणि त्यावर टॉवेल वाळत घातला. तो टॉवेल मी उचलला.

आणि मला जोडीदार मिळाली ती वन्सं. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. हल्लीच्या मुली नणंदेला दीदी म्हणतात, पण आमच्याकडे भाषा अजून जुन्या वळणाची, त्यामुळे वन्सं ते वन्संच. त्या धारला कॉलेजात शिकवतात, यजमान कायम दौऱ्यावर. दर रविवारी जेवणं झाली, सासूबाई आत जाऊन आडव्या झाल्या, की मी देवासला आणि त्या धारला कानांवर हेडसेट चढवून बसायचो. मी झाले होते वैदू, त्या तलवारवाल्या. "अहो वन्सं, मागे बघा, मागे! तलवार काढा हो!" अहो-जाहो करत मी किंचाळायची. नवरा म्हणायचा, "तुम्ही दोघी भूत मारून राहिल्या की हळदीकुंकू करून राहिल्या?"

हसू नका, पण लग्नानंतर एवढी मनापासून बोलले असेन तर त्या हेडसेटमध्येच. भुतं मारता मारता माणूस मोकळं होतं. ऑफिसातलं, घरातलं, मुलगी हॉस्टेलवर गेल्यापासून घर कसं खायला उठतं ते, सगळं मी वन्संना सांगायची. त्या ऐकायच्या. मध्येच "हं, मग?" म्हणायच्या. त्यांच्याकडचं त्या फारसं बोलत नसत, पण तेव्हा मला वाटायचं, स्वभावच आहे.

तिथेच मी त्यांना पुण्याचं सांगितलं. आमच्या कंपनीचा पुण्याजवळ नवा कारखाना उभा राहत होता, आणि तिथली प्रयोगशाळा दोन वर्षं माझ्या हातात द्यायची, असं साहेबांनी मला विचारलं होतं. अख्खी प्रयोगशाळा! इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या सहीखाली काम केलं. कागद माझा, चूक शोधली मी, सही साहेबांची. आता सही माझी होणार होती. साहेबांना म्हटलं, दसऱ्यानंतर होकार देते. घरात कुणाला बोलले नव्हते, नवऱ्यालाही नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही आणि सासूबाईंना कळलं की त्या अंथरूण धरणार. वन्संना म्हटलं, "तुम्हीच सांगा, काय करू?"

त्या म्हणाल्या, "जा. डोळे मिटून जा. आईचं माझ्यावर सोड. दसरा होऊ दे, मी येते तिकडे आणि तिला समजावते. दोन वर्षं माझ्याकडे धारला राहील, काय बिघडलं? तोवर तू तोंडातून शब्द काढू नकोस." मला इतकं भरून आलं की समोरून आलेलं भूत दिसलंच नाही आणि मी मेले. दोघी खूप हसलो. राखीला त्या भावाकडे आल्या तेव्हा मी मुद्दाम घरी चक्का बांधून श्रीखंड केलं, त्यांना आवडतं तसं, जायफळ जास्त घालून.

पुढे गणपती उठल्यावरच्या रविवारी आम्ही गेममधल्या किल्ल्यापर्यंत पोचलो. तिथे एक शपथेचा दगड आहे. दोघांपैकी एकानं त्यावर हात ठेवून किल्ला राखायची शपथ घ्यायची, म्हणजे पलीकडचं दार उघडतं. इतर खेळांत चुकलं तर मागे जाऊन पुन्हा खेळता येतं. इथे मेलं तर पुन्हा उठता येतं, पण दिलेला शब्द फिरवता येत नाही. शपथ घेतली की घेतली. कंदीलवाला मला म्हणाला, घाबरू नकोस, हात ठेव, मी आहे ना. वन्संही म्हणाल्या, "ठेव गं. मी मागे लक्ष ठेवते." मी ठेवला. दार उघडलं. कंदीलवाला कंदील घेऊन सरळ बाहेर चालता झाला, वन्सं त्याच्या मागोमाग उजेडात निघून गेल्या, आणि दार बंद. मी आत, काळोखात, कायमची दारवान. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! इतके महिने ज्याच्या मागे आंधळ्यासारखी चालले, ज्याच्या जखमा मी बांधल्या, त्यानं केसानं गळा कापावा? "हे काय लिहिणं झालं? काही कारण नको? आधी काही खूण नको? इतकी सोबत केलेलं माणूस असं उगाच करतं होय? लेखकाला जमलं नाही, म्हणून दिलं काहीतरी ठोकून," मी हेडसेटमध्ये नुसती फणफणत होते. एरवी वन्संनी माझ्या वरताण शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "अगं, कोणीतरी आत राहायलाच हवं होतं ना. त्याला काय हौस होती? त्याची पण काही बाजू असेल."

मी म्हटलं, बाजू-बिजू काही नाही, कच्चं काम आहे. रात्रीच्या स्वयंपाकाला उशीर होतोय म्हणून त्या उठल्या आणि विषय तिथेच राहिला.

नवरात्रात वन्सं अष्टमीला आल्या. देवीच्या टेकडीवर गर्दी मायंदाळ, आमच्या गल्लीपर्यंत लोकांच्या चपला. घरात देवीची आरती झाली, काकू-मावश्या सगळ्या जमलेल्या, आणि वन्संनी माझी ओटी भरली. खण, तांदूळ, वर नारळ. मी पदरात घेऊन वाकणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब सूनबाई. ओटीत नारळ आहे तुझ्या. देवीसमक्ष सांग मला, हे घर टाकून तू पुण्यास जाणार नाहीस."

सगळ्या बायका माझ्याकडे बघताहेत, नवरा दारात तोंड उघडं टाकून उभा, समई तेवतेय, आणि मी पदर दोन्ही हातांनी धरून. अशा वेळी बाई काय बोलणार? मी वन्संकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या बोलतील. आई, आज नको म्हणतील, मी समजावते म्हणतील. त्या तबकातली सांडलेली कुंकवाची चिमूट बोटानं गोळा करत होत्या. मग माझ्याच तोंडून निघालं, "नाही जाणार." एक काकू म्हणाल्या, वा, सून असावी तर अशी. सासूबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

नंतर मी स्वयंपाकघरात वन्संना गाठलं. म्हटलं, "हे आईंना कुणी सांगितलं?" त्या पुरणाचं पातेलं झाकत म्हणाल्या, "आईच ती. तिला सगळं वास लागल्यासारखं कळतं." मी गप्प बसलेसुद्धा असते. पण सासूबाई पाठीमागून पाणी प्यायला आल्या आणि सरळ मनानं म्हणाल्या, "हिनंच सांगितलं हो. राखीला आली तेव्हाच. बरं झालं वेळेवर सांगितलंन. म्हातारपणी मी धारला जाऊन लेकीच्या दारात पडून राहणार होते की काय?"

राखीला. म्हणजे माझं श्रीखंड खाऊन. म्हणजे गणपतीच्या आधी. आणि गणपतीनंतर त्या कानात मला सांगत होत्या, त्याची पण काही बाजू असेल. मी खुळ्यासारखी कंदीलवाल्याला शिव्या देत बसले होते, आणि त्या पलीकडे बसून स्वतःची वकिली करत होत्या. मला तिथे कढईवरचा झारा उचलून फेकावासा वाटला. फेकला नाही. पुऱ्या तळल्या, सगळ्यांना वाढल्या, वन्संना आग्रहानं दोन जास्त.

रात्री नवऱ्याला म्हटलं, मी जाते, तू आईंना सांभाळशील का? तो म्हणाला, "अरे यार, आता देवीसमोर बोललीस ना. पहिले तरी सांगायचं मला." त्याचंही चुकलं नाही. त्याला मी सांगितलंच नव्हतं, वन्संनी सांगू नको म्हटलं होतं म्हणून. दसऱ्यानंतर मी साहेबांना नकार कळवला. पुण्याला भोपाळहून कुणी दुसरा गेला. इथे मी गोळ्या मोजते आणि कागद सहीला आत पाठवते.

दिवाळीनंतर आमचा दोघींचा डाव तसाच ठेवून मी तो गेम पहिल्यापासून पुन्हा खेळले, एकटीनं. फक्त कंदीलवाल्याकडे बघायला. आणि काय सांगू, पहिल्या गावापासून सगळं होतं की हो तिथे! तो मला दर मुक्कामाला विचारतो, कुठे जायचंय, कुणाला सांगितलंयस का. स्वतःच्या घराबद्दल विचारलं की कंदिलाची वात नीट करत बसतो. किल्ला जवळ येऊ लागतो तसा जास्तच गोड बोलतो. खेळात दोष नव्हताच. दिवसभर दोष शोधणाऱ्या बाईनं त्याच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं, कारण उजेड त्याच्या हातात होता.

वन्संचं बोलावणं अजून दर रविवारी पडद्यावर येतं. त्यांचा रस्ता संपलाय. शेवटच्या लढाईसाठी त्यांना किल्ल्यात परत यायचंय, आणि ते दार फक्त आतल्या दारवानाला उघडता येतं. बरेच रविवार मी बघितलं न बघितलं केलं. परवा मात्र हेडसेट चढवला. त्यांचा आवाज आला, अगदी पहिल्यासारखा, "किती वाट बघायला लावतेस गं! उघड ना दार. बाहेर सगळी भुतं जमलीत, आणि कंदीलवाला पण मेला मला टाकून गेला."

आतल्या खोलीत सासूबाई घोरत होत्या. किल्ल्यात मी दारामागेच उभी होते, कडीवर हात ठेवून.

"वन्सं," मी म्हटलं, "त्याची पण काही बाजू असेल." आणि हेडसेट काढून ठेवला.